काटकसर व शिल्लक

दरवर्षी जून महिन्यात शाळा उघडली म्हणजे कचेरीबाहेरच्या बाकावर काही पालक खाली मान घालून बसलेले दिसतात. वह्यापुस्तके, गणवेश, दप्तर, शुल्क असा सर्व खर्च एकदम अंगावर आलेला असतो आणि हाती पैसा नसतो. "सर, पुढच्या महिन्यापर्यंत थोडी मुदत मिळेल काय?" असे विचारताना पित्याच्या मुद्रेवर जो संकोच दिसतो आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलाची नजर ज्या प्रकारे जमिनीकडे वळते, ते पाहून कोणत्याही शिक्षकाचे मन अस्वस्थ झाल्यावाचून राहणार नाही.

ह्यांपैकी काहींचे उत्पन्न खरोखरच इतके तुटपुंजे असते की त्यांना काटकसरीचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे महत्त्व सांगण्यासारखे होय. त्यांना उपदेश नको, साहाय्य हवे. परंतु दुसरा एक मोठा वर्ग असा आहे की ज्याच्या घरी दरमहा नियमित पैसा येतो, व्यसन नाही, उधळपट्टीही दिसत नाही. तरीही महिनाअखेर हाती काही उरत नाही. जून महिना दरवर्षी येतो हे त्यांनाही ठाऊक असते. तथापि तो दरवर्षी अचानक आल्यासारखा वाटतो. हा लेख मुख्यतः ह्या वर्गासाठी आहे, आणि ह्या वर्गात प्रस्तुत लेखकही काही काळ मोडत होता हे आरंभीच कबूल केलेले बरे.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. नाताळच्या सुमारास मुलांच्या हट्टाला व स्वतःच्या हौसेला बळी पडून मी हप्त्यांवर एक मोठा दूरदर्शन संच घरी आणला. हप्ते चालू असतानाच वडिलांची प्रकृती एकाएकी बिघडली व त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. घरात शिल्लक नव्हती. एका खाजगी सावकाराकडून शेकडा ३ रुपये दरमहा व्याजाने ३०,००० रुपये घेतले. दरमहा ९०० रुपये व्याज मी निमूटपणे देत राहिलो. चौदा महिन्यांनी पत्नीने विचारले, "आजवर किती दिले आणि किती फिटले?" हिशेब केला तेव्हा कळले की १२,६०० रुपये दिले आणि फिटला एक रुपयाही नाही! फळ्यावर वर्षानुवर्षे सरळव्याजाची उदाहरणे सोडवून दाखवणाऱ्या शिक्षकाच्या घरी हे घडावे, ह्यापरते लाजिरवाणे ते काय? त्या रात्री मला माझ्या आजीच्या गाडग्याची आठवण झाली.

माझी आजी नगर जिल्ह्यातील एका खेड्यात राहत असे. पहाटे जात्यावर दळायला बसताना ती सुपातील जोंधळ्यातून प्रथम एक मूठ काढून कोनाड्यातील गाडग्यात टाकी व मगच जात्याला हात घाली. दळण संपल्यावर उरले तर टाकू, असे तिने कधी केले नाही. कोणी कारण विचारले तर ती म्हणे, "आधी मूठ, मग दळण. दळून झाल्यावर सुपात काही उरत नसते." पावसाने डोळे वटारले की त्या गाडग्यातला दाणा बाहेर निघे, आणि शेजारच्या घरी चूल पेटली नाही तर तिथेही त्यातलाच दाणा जाई.

हा प्रघात केवळ आमच्या आजीचा नव्हे. ईशान्येकडील मिझोरम प्रांतातील ख्रिस्ती कुटुंबांत १९१० सालापासून 'बुहफाई थाम' नावाची रीत चालत आली आहे. तेथील गृहिणी प्रत्येक वेळी भात शिजवण्यापूर्वी मूठभर तांदूळ वेगळे काढून ठेवतात व ते मंडळीच्या कार्यासाठी देतात. ह्या मुठीमुठींतून आज वर्षाकाठी कोट्यवधी रुपये उभे राहतात. आपल्या महाराष्ट्रातही कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांतील मुले मुष्टिफंडाच्या, म्हणजे घरोघरच्या मूठमूठ धान्याच्या आधाराने शिकली. एका मुठीत ४० ग्रॅम तांदूळ धरले व दिवसाला दोन मुठी काढल्या, तर वर्षाला २९ किलोंहून अधिक तांदूळ होतात. आणि गंमत अशी की दोन मुठी कमी शिजल्या म्हणून घरातील कोणी उपाशी उठत नाही.

वाचकहो, बचतीचे सारे शास्त्र ह्या एका मुठीत आहे. आपण बहुतेक जण वजाबाकीचा क्रम चुकवतो. उत्पन्नातून खर्च वजा करतो आणि उरेल ती शिल्लक समजतो. परंतु खर्च ही वस्तू पाण्यासारखी आहे; जेवढे भांडे मिळेल तेवढे ती भरून टाकते. म्हणून उत्पन्नातून प्रथम शिल्लक वजा करावी आणि उरेल त्यात खर्च बसवावा. मूठ किती मोठी असावी हे ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावे. मासिक उत्पन्नाचा दहावा हिस्सा काढता आला तर उत्तम. न आला तर विसावा. तोही न आला तर १०० रुपये. रक्कम लहान असली तरी चालेल, परंतु ती पगाराच्या दिवशीच निघाली पाहिजे.

येथे कोणी म्हणेल, "हे बोलणे सोपे आहे, पण आधीच न पुरणाऱ्या पैशांतून मूठ काढायची कोठून?" शंका रास्त आहे. तिचे उत्तर घरखर्चाच्या बारीकसारीक बाबींत आहे. म्हणून त्यांकडे वळू.

पहिली गोष्ट हिशेबाची. एक वही घ्यावी, तिला रोजकीर्द म्हणावे आणि एक महिनाभर दररोज रात्री घरातून गेलेला प्रत्येक रुपया तिच्यात लिहावा. पूर्वी खिशातील नोट मोडताना हात अडखळत असे. २०१६ साली यूपीआय पद्धत सुरू झाल्यापासून भ्रमणध्वनीवर बोट टेकवताच पैसे जातात. सोय मोठी झाली, पण पैसा जाताना दिसेनासा झाला. त्याच भ्रमणध्वनीत दिलेल्या पैशांची यादीही असते. ती रात्री वहीत उतरवून घ्यावी. आम्ही तीन महिने असा हिशेब लिहिला तेव्हा असे आढळले की आमचा पैसा मोठ्या खरेदीत जात नसून बाहेरचा चहा-फराळ, कोपऱ्यावरच्या दुकानात जाण्यासाठी काढलेली दुचाकी, आणून कुजलेली भाजी व न वापरलेले भ्रमणध्वनीचे महागडे रिचार्ज ह्या चार छिद्रांतून गळत होता. वही कोणालाही रागावत नाही, ती फक्त दाखवते. म्हणून घरात तिच्यावरून भांडण होत नाही.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघराची. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो किती दिवस पुरतो हे पुष्कळसे आपल्या सवयीवर अवलंबून आहे. पाणी एकदा उकळू लागले की ज्योत कितीही मोठी केली तरी उघड्या पातेल्यात त्याचे उष्णतामान सुमारे १०० अंशांपलीकडे जात नाही, हे विद्यार्थी विज्ञानात शिकतातच. मग उकळी आल्यावर ज्योत मोठी ठेवल्याने अन्न लवकर शिजत नाही, फक्त वाफ अधिक होते. म्हणून उकळी येताच ज्योत बारीक करावी व भांड्यावर झाकण ठेवावे. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाण्याचे उष्णतामान सुमारे १२० अंशांपर्यंत चढते, म्हणून डाळ त्यात लवकर शिजते. हरभरे, वाटाणे, राजमा रात्रभर भिजत घातले तर शिजण्याचा वेळ पुष्कळच कमी होतो. ह्याला खर्च काहीच नाही, फक्त आदल्या रात्री आठवण हवी. शेगडीची ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसू लागली व भांड्यांची बुडे काळी होऊ लागली, तर गॅस नीट जळत नाही असे समजून शेगडी साफ करून घ्यावी.

तिसरी गोष्ट विजेची. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट होते. पाणी तापवण्याचे २,००० वॅटचे यंत्र अर्ध्या तासात एक युनिट खाते. तेवढ्याच युनिटात ९ वॅटचा एलईडी दिवा १११ तास जळतो! तेव्हा दिवा मालवण्यावरून मुलांना बोलणे आणि गरम पाण्याचे यंत्र तासभर चालू ठेवणे, ही सुईने साठवून पखालीने ओतण्याची रीत होय. जुना ७५ वॅटचा पंखा रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिटे घेतो. नव्या प्रकारचा ३० वॅटचा पंखा तेवढ्याच वेळात ११ युनिटेही घेत नाही. जुना पंखा बिघडून नवा घ्यायची वेळ आली तर केवळ किंमत न पाहता त्यावर छापलेले वॅटही पाहावेत.

विजेच्या देयकातील आणखी एक खुबी पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. महावितरणच्या घरगुती दरांत पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी असतो. १०१ ते ३०० युनिटांसाठी तो वाढतो व त्यापुढे आणखी चढत जातो. ह्याचा अर्थ असा की, महिन्याला १२० युनिटे जाळणाऱ्या घराने २० युनिटे वाचवली तर ती त्याची सर्वांत महाग २० युनिटे वाचतात. बचत थोडी दिसते, पण ती शिडीच्या वरच्या पायरीवरची असते.

चौथी गोष्ट खरेदीची. बाजारात जाण्यापूर्वी यादी करावी आणि भरल्या पोटी जावे. पाकिटाच्या रंगाला न भुलता त्यावरील वजन वाचावे. मोठे पाकीट नेहमी स्वस्तच असते असेही नाही. कित्येकदा लहान पुड्या हिशेबाने स्वस्त पडतात. म्हणून किमतीला वजनाने भागून दर काढावा. हा त्रैराशिकाचा हिशेब पाचवी-सहावीतील मूलही करू शकते. ते काम त्यालाच सांगावे. 'कमाल किरकोळ किंमत' म्हणजे ह्याहून अधिक घेऊ नये अशी मर्यादा. तेवढीच घ्यावी असा नियम नव्हे. 'दोन घेतल्यास एक फुकट' ही पाटी दिसली तर स्वतःला एवढेच विचारावे, की पाटी नसती तर मी एक तरी घेतली असती काय?

आपल्या वडीलधाऱ्यांची बेगमीची रीत अद्यापि शहाणपणाची आहे. उन्हाळ्यात नवे गहू, ज्वारी, डाळी, मिरची व कांदे बाजारात येतात तेव्हा ते जोखून घ्यावेत, धान्य कडकडीत उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. मात्र साठवणुकीची जागा कोरडी नसेल तर बेगमी करू नये. पोरकिड्यांनी खाल्लेले धान्य सर्वांत महाग पडते.

आता काटकसर आणि कंजूषपणा ह्यांतील भेद सांगितला पाहिजे, कारण काटकसरीच्या नावाखाली पुष्कळदा घरातील दुर्बळाच्या ताटातून कपात होते. मुलांचे दूध व अंडी, डाळ व पालेभाजी, आजाऱ्याचे औषध, मुलीचे शिक्षण ह्यांना हात लावणे ही बचत नव्हे. तो पुढील खर्चाला दिलेला आगाऊ हप्ता होय. आज औषध टाळले तर उद्या रुग्णालय येते. तसेच घरातील काटकसर एकट्या गृहिणीच्या साडीपासून आरंभ होत असेल आणि पुरुषांचे पान-तंबाखू मात्र चालू राहत असेल, तर त्याला अन्यायच म्हटले पाहिजे. कंजूष माणूस पैशासाठी माणसांना तोडतो. काटकसरी माणूस माणसांसाठी पैसा राखतो.

पाचवी गोष्ट कर्जाची, आणि ती मी अनुभवाने सांगतो. शेकडा ३ रुपये दरमहा हे शब्द कानाला फार सौम्य लागतात. पण ते वर्षाला ३६ टक्के झाले. असे व्याज न देता साचू दिले आणि ते मुद्दलात मिळत गेले, तर दोन वर्षांत कर्ज दुप्पट होते. हप्त्यांवरील वस्तूंचाही हिशेब असाच फसवा असतो. समजा, १२,००० रुपयांची वस्तू वर्षभराच्या हप्त्यांवर घेतली व विक्रेत्याने '१२ टक्के व्याज' म्हणून १,४४० रुपये मिळवून दरमहा १,१२० रुपयांचा हप्ता बांधून दिला. आपल्याला वाटते, व्याज १२ टक्के. परंतु दर महिन्याला मुद्दल फिटत जाते. सहा महिन्यांनी जवळजवळ अर्धे फिटलेले असते, तरी व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण १२,००० रुपयांवर आकारलेले असते. नीट हिशेब केला तर खरा दर २१ टक्क्यांहून अधिक निघतो. म्हणून हप्ता किती, हे विचारण्यापूर्वी एकूण किती द्यावे लागतील, हे विचारावे. ऋण काढून सण करू नये असे आपले पूर्वज म्हणत आले. ऋण काढून नाताळ केलेल्या मनुष्याची त्याला पूर्ण संमती आहे.

आम्ही त्या कर्जातून कसे सुटलो? हिशेबाच्या वहीने दाखवलेली छिद्रे बुजवून पगाराच्या दिवशी प्रथम २,००० रुपये बाजूला काढले व व्याजाखेरीज तेवढे मुद्दल दरमहा फेडत गेलो. मुद्दल घटले तसे व्याजही घटले आणि पंधरा महिन्यांत सावकाराचे दार बंद झाले. सोळाव्या महिन्यात पत्नी म्हणाली, "एवढे दिवस ह्या दोन हजारांशिवाय आपले चाललेच ना? मग ते आता टपालात टाकू." ती मूठ अद्याप चालू आहे.

आता शेवटची गोष्ट, ही शिल्लक ठेवावी कोठे? एके काळी गरिबाला ती ठेवण्यास जागाच नव्हती. स्कॉटलंडमध्ये बँकेत खाते उघडण्यास १० पौंड लागत. मजुराजवळ ते कोठून असणार? रुथवेल येथील धर्मोपदेशक हेन्री डंकन ह्यांनी १८१० साली आपल्या खेड्यात बचतीची पेढी काढली. तिथे सहा पेन्सदेखील स्वीकारत व त्यावर व्याज देत. तिचे अनुकरण पुढे अनेक देशांत झाले. आपल्या देशात १ एप्रिल १८८२ पासून टपाल कार्यालयांतून बचतीची खाती चालू झाली व खेड्यातील माणसालाही आपला पैसा सुरक्षित ठेवण्याची सोय मिळाली. आज टपालातील आवर्त ठेव दरमहा १०० रुपयांपासून सुरू करता येते व ती पाच वर्षांची असते. दरमहा ५०० रुपये टाकले तर पाच वर्षांत मुद्दलच ३०,००० होते, व्याज वेगळे. १० वर्षे पूर्ण झालेला विद्यार्थी स्वतःच्या नावाने टपालात बचत खाते उघडू शकतो.

बँकेतील ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे, मुद्दल व व्याज मिळून, ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थांतील ठेवींना व भिशीला हे संरक्षण नाही, हे पुष्कळांना पैसे बुडाल्यावर कळते. भिशी ओळखीच्या दहा जणांत प्रामाणिकपणे चालते तोवर ठीक. परंतु सर्व शिल्लक तिच्यात घालू नये. आणि जो कोणी थोड्या महिन्यांत पैसे दुप्पट करून देतो म्हणतो, त्याला दारातूनच नमस्कार करावा.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही म्हणाल, आम्ही कमवत नाही, आम्ही काय वाचवावे? तुमच्या हाती पुष्कळ आहे. वार्षिक परीक्षा झाली म्हणजे वह्यांतील कोरी पाने काढून, शिवून कच्च्या कामाची वही करा. पुस्तकांना आवेष्टन घाला व ती खालच्या इयत्तेतील मित्राला द्या. पेन्सिल संपेपर्यंत वापरा. घरची रोजकीर्द लिहिण्याचे काम तुम्ही अंगावर घ्या. गणिताचा ह्याहून चांगला अभ्यास मला ठाऊक नाही. मित्राजवळ नवी वस्तू दिसली म्हणून पित्याजवळ हट्ट धरण्यापूर्वी एकदा त्या वहीतील बेरीज पाहा. आणि ज्याच्याजवळ ती वस्तू नाही त्याला कधी हसू नका.

पालकहो, आपणांस एवढीच विनंती की घरातील पैशाची स्थिती मुलांपासून लपवू नका. जे मूल हिशेबात सहभागी असते ते हट्ट कमी करते. पुढच्या जूनची तयारी ह्या महिन्यापासून करा. शाळेचा वर्षाचा खर्च काढा, त्याला बाराने भागा आणि तेवढी मूठ दरमहा प्रथम बाजूला ठेवा. वाचलेल्या पैशातील थोडा भाग शेजाऱ्याच्या अडचणीसाठीही असू द्या, कारण आजीचे गाडगे केवळ आमच्या घरासाठी नव्हते.

ते गाडगे आता फुटले. जातेही परसात पडून आहे. पण कचेरीबाहेरच्या त्या बाकावर पुढील जूनमध्ये एक पालक जरी कमी बसला आणि त्याचे मूल ताठ मानेने वर्गात गेले, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.